तळ्याच्या तळचा वणवा

रविवार : एडमंटन ते यलोनाइफ

एडमंटनहून यलोनाइफला जाणाऱ्या विमानात मी मुद्दाम डावीकडची खिडकी मागून घेतली होती. मार्चचा शेवट, आकाश स्वच्छ, खाली सगळीकडे बर्फ. जंगल उभं असेल तिथे जमीन वरून काळपट हिरवी दिसते. जळून गेलं असेल तिथे बर्फ थेट नजरेला पडतो आणि त्यावर उभ्या राहिलेल्या सुक्या खोडांच्या बारीक काळ्या रेघा. ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पश्चिम काठाशी असे पांढरे पट्टे एकामागून एक येत राहिले.

यलोनाइफ ही कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज या प्रदेशाची राजधानी. अक्षांश ६२ च्या थोडं वर, वस्ती साधारण २०,००० माणसांची. १६ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी हे सगळं गाव रिकामं करण्याचा आदेश निघाला. दक्षिणेकडे जायला रस्ता एकच, हायवे ३, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना वणवा. ज्यांच्याकडे गाडी नव्हती त्यांना विमानानं हलवलं. लोक परत आले ते ६ सप्टेंबरपासून. त्याच ऑगस्टमध्ये दक्षिणेकडचं एंटरप्राइज नावाचं छोटं गाव जवळजवळ पूर्ण जळालं. त्या वर्षी अख्ख्या कॅनडात जळालेलं क्षेत्र दीड कोटी हेक्टरच्या आसपास आहे. महाराष्ट्राचं एकूण क्षेत्रफळ तीन कोटी हेक्टरांपेक्षा थोडं जास्त, म्हणजे आपल्या राज्याचा जवळपास निम्मा भाग एका उन्हाळ्यात जळाला असं समजायचं.

आणि हे पहिल्यांदा झालं नव्हतं. २०१४ मध्ये एकट्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये सुमारे ३४ लाख हेक्टर जळाले होते.

मग प्रश्न येतो की पूर्वी काय होत होतं? उपग्रहांची चित्रं गेल्या पन्नासेक वर्षांची. वनखात्याचे जळिताचे नकाशे त्याहून थोडे मागे जातात. काही देशांत झाडांच्या खोडावरच्या जळक्या व्रणांवरून आणि वाढवलयांवरून शतकांचा इतिहास काढतात, पण इथली आग शेंड्यापर्यंत जाते आणि झाडच मारून टाकते, व्रण घेऊन जगणारी झाडं फार थोडी. त्यामुळे हजारो वर्षांचा हिशेब हवा असेल तर तळ्याच्या तळाशी जावं लागतं, तिथे साठलेल्या गाळाच्या थरांत आगीचा कोळसा टिकून राहतो. त्यासाठीच आम्ही इथे आलो आहोत: प्रकल्पाच्या प्रमुख प्राध्यापकबाई, क्वेबेकचा एक विद्यार्थी आणि परागकण ओळखण्याचं काम करणारी मी.

सोमवार : गावात तयारी

सकाळी उणे २४. इथे प्रत्येक गाडीच्या नाकातून विजेची वायर लोंबत असते. रात्री ती खांबावरच्या सॉकेटमध्ये खोचून इंजिन गरम ठेवायचं, नाहीतर सकाळी गाडी चालू होत नाही.

दिवस सामान जुळवण्यात गेला. बर्फाला भोक पाडायचा ऑगर, तिपाई, मीटरभर लांबीच्या नळ्या, जोडायच्या लोखंडी कांड्या, पोलादी दोर, अर्धे चिरलेले प्लास्टिकचे पाइप, प्लास्टिकच्या पातळ कागदाचे रोल, मार्कर, चिकटपट्टी. आणि गरम पाण्याच्या पिशव्या, बर्फपेट्यांमध्ये ठेवायला. बर्फपेटी इथे सामान गार ठेवायला नसते, गोठू नये म्हणून असते. गाळ गोठला की त्यातलं पाणी फुगतं, थर विस्कटतात आणि सगळी मेहनत वाया.

या प्रदेशात संशोधन करायचं तर कायद्यानं परवाना लागतो. तो ऑरोरा रिसर्च इन्स्टिट्यूट देते, आणि त्याआधी ज्यांच्या भूमीवर काम करायचं त्या मूलनिवासी समाजांना विचारलं जातं. मला ही पद्धत फार योग्य वाटते. आमच्याबरोबर वाटाडे म्हणून येणारे गृहस्थ यलोनाइव्हज डेने समाजातले, सत्तरीच्या पुढचे. दुपारी चहाला भेटले. आमचा नकाशा शांतपणे पाहिला, दोन ठिकाणी बोट ठेवून सांगितलं की इथून जाऊ नका, बर्फाखाली वाहतं पाणी आहे. मग म्हणाले, "आग इथे नेहमीच होती. माझ्या आजोबांनाही ती माहीत होती. मला एवढंच जाणून घ्यायचंय की ती पूर्वी कधी इतक्या लवकर परत यायची का."

बाईंनी ते वहीत लिहून घेतलं. आमच्या प्रस्तावात पानभर उद्दिष्टं होती, पण एवढा नेमका प्रश्न त्यात नव्हता.

संध्याकाळी एका मराठी कुटुंबाकडे जेवण. मूळचे सांगलीचे, नवरा-बायको दोघंही इथे सहा-सात वर्षं नोकरीला. ओळखीच्या ओळखीतून फोन गेला तर ताईंनी हक्कानं बोलावलं: "अगं, इथवर आलीस आणि हॉटेलात जेवतेस होय? गाडी पाठवते ह्यांच्याबरोबर." पिठलं, भाकरी, ठेचा. बोलणं ऑगस्ट २०२३ वर आलंच. "तासाभरात निघायचं ठरलं," दादा सांगत होते. "पासपोर्ट, लॅपटॉप, मुलीची औषधं. हिनं देवघरातले टाक रुमालात बांधून पर्समध्ये घातले. रस्त्यावर गाड्यांची रांग. दुपारची वेळ, पण आकाश नारिंगी, हेडलाइट लावून चाललो होतो. एडमंटन दीड हजार किलोमीटर. पेट्रोल कुठे मिळेल, मिळेल की नाही, काही माहीत नव्हतं."

"आणि परत आलो तेव्हा घर जसंच्या तसं," ताई म्हणाल्या. "पण पुढच्या उन्हाळ्यात नुसता धूर दिसला तरी मुलगी बॅग भरायला लागायची."

मंगळवार : पहिलं तळं

हायवे ३ वरून पश्चिमेला. रस्त्याखालची जमीन कायम गोठलेली, ती जिथे वितळते तिथे डांबर खाली बसतं, त्यामुळे गाडी सतत उसळत असते. मध्येच रानगव्यांचा कळप रस्त्यावर उभा होता. हे बायसन इथे मोकळेच फिरतात. ते हलेपर्यंत थांबायचं.

गाडी रस्त्याकडेला लावून पुढे स्नोमोबिल आणि मागे ओढायच्या घसरगाड्या. वाटाडे पुढे, आम्ही त्यांच्या खुणेवरून. जिथे बर्फाचा थर जड होतो तिथे खालचा बर्फ दबून तळ्याचं पाणी वर येतं आणि भुसभुशीत बर्फाखाली लपून राहतं. त्यात यंत्र रुतलं आणि पाय भिजले तर या थंडीत ते धोक्याचं. ते दर थोड्या अंतरावर उतरून काठीनं तपासत होते.

तळं छोटं, चारी बाजूंनी खडक, मोठा ओढा येऊन मिळत नाही, नकाशावर नाव नाही. असंच तळं हवं असतं. मोठ्या सरोवरात नद्या कुठून कुठून काय काय आणून टाकतात. छोट्या, खोल, शांत तळ्यात मुख्यतः आसपासच्या जंगलातलंच येतं. आजूबाजूचा खडक अडीच अब्ज वर्षांहून जुना. हिमनदीनं तो खरवडून ठेवला आणि खोलगट जागांत पाणी साठलं. २०२३ ची आग याच काठावरून गेली आहे.

बर्फ मीटरभरापेक्षा जाड. अनेक भोकं पाडून, वजन बांधलेली दोरी सोडून खोली मोजली आणि सगळ्यात खोल जागा निवडली. आजचं काम फक्त वरच्या थराचं. त्यासाठी पारदर्शक नळी स्वतःच्या वजनानं हळू खाली सोडतात. घाई केली तर नळीपुढे दाबलं गेलेलं पाणीच वरचा थर उडवून लावतं, आणि वरचे दोन सेंटिमीटर म्हणजे गेल्या कित्येक दशकांचा इतिहास. नळी वर आली, तेव्हा आत स्वच्छ पाणी, त्याखाली गाळाचा सपाट, न हललेला पृष्ठभाग. हा वरचा गाळ नाचणीच्या आंबिलीइतका पातळ असतो आणि रंगही साधारण तसाच. तिथल्या तिथे, तंबूत स्टोव्ह पेटवून, दट्ट्यानं खालून अर्धा-अर्धा सेंटिमीटर वर ढकलत एकेक काप पिशवीत भरला. बोटं बधिर होत होती तरी प्रत्येक पिशवीवर खोली लिहायची.

या वरच्या कापांचं वय शिसे-२१० या किरणोत्सारी समस्थानिकावरून काढतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं, म्हणजे साधारण शंभर-दीडशे वर्षांपर्यंत ते उपयोगी पडतं. सिझियम-१३७ चं शिखर १९६३ सालचं, अणुचाचण्यांच्या काळातलं. यलोनाइफजवळ आणखी एक खूण सापडते, आणि ती दुःखाची आहे. गावाशेजारच्या जायंट खाणीत सोन्याचं खनिज १९४९ पासून पन्नास वर्षं भाजलं गेलं. त्या धुराड्यातून आर्सेनिक आजूबाजूच्या तळ्यांत उतरलं आणि २,३७,००० टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आजही खाणीच्या पोटात साठवून ठेवलेलं आहे. गाळात आर्सेनिक अचानक वाढलेलं दिसलं की ते विसाव्या शतकाच्या मध्यानंतरचं असा अंदाज बांधता येतो. मात्र आर्सेनिक गाळात वर-खाली सरकू शकतं, म्हणून फक्त त्याच्यावर विसंबत नाहीत.

बुधवार : खालपर्यंत

या दिवसासाठी सगळा खटाटोप होता. पहाटे उणे २७, पण वारा नाही.

खोलवरचा गाळ काढायला आम्ही वापरतो तो लिव्हिंग्स्टन पद्धतीचा दट्ट्या-नळीचा संच. डॅनियल लिव्हिंग्स्टन यांनी १९५० च्या दशकात तो बनवला. ते स्वतः अलास्कातल्या तळ्यांवर काम करत होते आणि माणसांना उचलून नेता येईल असं हलकं उपकरण त्यांना हवं होतं. कल्पना साधी आहे. नळीच्या तोंडाशी दट्ट्या. त्याला बांधलेला दोर वर तिपाईला ताणून पक्का करायचा, म्हणजे दट्ट्या जागेवर थांबतो. मग कांड्यांवर जोर देऊन नळी त्याच्याभोवतीनं खाली दाबायची. दट्ट्यामुळे आत ओढ तयार होते, त्यामुळे गाळ नळीत शिरताना दबत नाही आणि वर काढताना निसटत नाही. मीटरभर काढायचं, रिकामं करायचं, पुन्हा त्याच भोकातून पुढचा मीटर. नंतर शेजारी दुसरं भोक पाडून तेच काम अर्धा मीटर सरकवून करायचं, म्हणजे दोन तुकड्यांमधल्या सांध्याशी काही हरवलं असेल तर ते दुसऱ्या मालिकेत मिळतं.

थंडीत सगळ्यात त्रास कांड्यांच्या सांध्यांचा. पाण्यातून वर येताच त्यावर बर्फ धरतो, पान्यानंही सांधे फिरत नाहीत. विद्यार्थी सतत किटलीतलं गरम पाणी ओतत होता. दोघं कांडीवर लटकायचे, बाई दोर सांभाळायच्या, मी नळी वर आली की गाळ हळू अर्ध्या पाइपात सरकवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून, वरची बाजू कुठली ती बाण काढून लिहायची. बाण चुकला तर काळच उलटा होतो.

पहिले मीटर गडद तपकिरी, गुळगुळीत, जवळजवळ जेलीसारखे मऊ, सेंद्रिय पदार्थांनी भरलेले. अधूनमधून काळी रेघ दिसते आणि मन लगेच "आग" म्हणतं. पण डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नसतो. लोहाचं सल्फाइडही काळं असतं, आणि हवा लागली की तासाभरात फिकं पडतं. खरी आग मोजायची ती सूक्ष्मदर्शकाखाली.

कोळशाचे कण गाळात का राहतात, तर कोळसा सहसा कुजत नाही. वणव्यातून उडालेल्या कणांपैकी बारीक कण शेकडो किलोमीटर जातात. मोठे मात्र जवळच पडतात, थोड्या किलोमीटरांच्या आत. म्हणून मिलिमीटरच्या आठव्या भागाहून मोठे कण चाळून काढले आणि थरामागून थर सलग मोजले, तर त्यांच्या आलेखातला उंचवटा म्हणजे जवळच्या परिसरातली आग. एका उंचवट्यापासून पुढच्यापर्यंत किती वर्षं गेली, तो दोन आगींमधला काळ. वाटाड्यांनी विचारलेलं ते नेमकं हेच.

तिसऱ्या मीटरच्या पुढे रंग बदलायला लागला. तपकिरीत राखाडी मिसळला, मग एकदम निळसर राखाडी चिकणमाती. कांडी थांबली. दोघांनी मिळून जोर दिला तरी हलेना.

ती माती ग्लेशियल लेक मॅकॉनेलची. हिमयुगाच्या शेवटी बर्फाची प्रचंड चादर मागे सरकताना तिच्या कडेला एक महासरोवर साठलं होतं. आजची ग्रेट बेअर, ग्रेट स्लेव्ह आणि अथाबास्का ही तिन्ही सरोवरं त्याचेच उरलेले तुकडे. जमीन वर उचलली गेली, पाणी हटलं, आमचं तळं वेगळं झालं, आणि तेव्हापासून त्यात स्वतःचा गाळ साठायला लागला. त्या राखाडी मातीच्या लगेच वरच्या भागात झाडं जवळजवळ नाहीत. गवतं, दवणा ज्या कुळातला त्या कुळातल्या वनस्पती, बुटका बर्च. पुढे स्प्रूस हा सूचिपर्णी वृक्ष येतो, मग आल्डर, आणि जॅक पाइन सगळ्यात उशिरा. मी तो सांधा हातात धरला होता. खाली वितळणाऱ्या बर्फाचं पाणी, वर पहिली झाडं, आणि मध्ये माझ्या करंगळीएवढी जाडी.

गुरुवार : वारा

वादळी वारा, तळ्यावर जाणं शक्य नाही. खोलीतच थांबलो. पेट्यांचं तापमान तपासत राहणं एवढंच काम.

विद्यार्थ्यानं विचारलं की परागकणांवरून जंगल कसं ओळखतात, म्हणून त्याला दुपारी बसून सांगितलं. ही पद्धत शंभर वर्षांहून जुनी आहे. स्वीडनचे लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये क्रिस्तियानियात, म्हणजे आजच्या ऑस्लोत, थरामागून थर परागकण मोजून काढलेले आलेख मांडले. परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट असतं की आम्ही गाळ हायड्रोफ्लोरिक आम्लात टाकतो, वाळू विरघळून जाते आणि कवच शाबूत राहतं. स्प्रूस आणि पाइनच्या कणाला दोन हवेच्या पिशव्या असतात, एकदा पाहिल्या की विसरत नाहीत. पण संख्या जशीच्या तशी खरी मानता येत नाही. पाइन पराग अमाप उडवतो, आणि तो दूरवर जातो. गाळात पाइनचे कण सापडले म्हणजे काठावर पाइन होता असं नाही. सुई सापडली तरच खात्री. लार्चचं उलटं: तळ्याभोवती लार्च दाट असला तरी गाळात त्याचे कण थोडेच. कणांचा हा स्वभाव माहीत असणं हे निम्मं शिक्षण.

भारतात ही विद्या लखनौच्या बिरबल सहानी संस्थेत शिकवली गेली, आणि माझी या विषयाशी पहिली गाठ लोणारमुळे पडली. लोणारच्या सरोवरातून काढलेल्या दहा मीटर गाळातून गेल्या अकरा हजार वर्षांतल्या मान्सूनची चढउतार वाचली गेली आहे. तिथे गाळ पावसाबद्दल बोलतो, इथे आगीबद्दल.

त्यानंतर बाईंनी अलास्काची गोष्ट सांगितली, जी मला या सगळ्या विषयातली सर्वात महत्त्वाची वाटते. फिलिप हिगेरा आणि सहकाऱ्यांनी ब्रुक्स पर्वतरांगेच्या दक्षिणेकडच्या तळ्यांचा गाळ तपासला. सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी तिथलं हवामान थंड आणि ओलसर होत होतं. मग आगी कमी व्हायला हव्यात. पण त्या वाढल्या. कारण त्याच सुमारास काळा स्प्रूस पसरला. त्याच्या फांद्या जमिनीपर्यंत, राळेनं भरलेल्या, खाली सुकलेलं शेवाळ. जमिनीवरची आग शिडी चढल्यागत शेंड्यावर जाते. म्हणजे आगीचं गणित फक्त उष्णतेचं नाही, काय वाढतंय याचंही आहे. दुसरा अभ्यास २०१३ चा, अलास्कातल्याच युकॉन फ्लॅट्स भागाचा: तिथे अलीकडच्या दशकांतलं जळणं गेल्या दहा हजार वर्षांच्या मर्यादेबाहेर गेल्याचं गाळातून दिसलं. त्याच अभ्यासात हेही होतं की मध्ययुगातल्या उबदार शतकांत तीव्र आगींनंतर पानगळीची झाडं वाढली आणि ती सहज पेटत नसल्यामुळे पुढच्या आगींना आळा बसला. जंगल स्वतःला बदलून सावरू शकतं. आत्ताच्या वेगाला ते पुरं पडेल का, यावर आमची संध्याकाळपर्यंत चर्चा चालली.

शुक्रवार : जळलेल्या रानात

वारा पडला. पुन्हा त्याच तळ्यावर, पण आज काठावर. स्नोशूज घालून वाटाड्यांच्या मागे जळलेल्या स्प्रूसमधून.

काळा स्प्रूस आगीसाठी तयार असतो. शेंड्याजवळ शंकूंचा दाट झुपका, राळेनं अर्धवट बंद. आगीच्या उष्णतेनं ते उघडतात आणि पुढच्या काही वर्षांत बी खाली पडत राहतं. जॅक पाइनचे शंकू तर आगीशिवाय सहसा उघडतच नाहीत. हजारो वर्षं हे असंच चाललं आहे, आग येते आणि तेच जंगल पुन्हा उगवतं. पण बियांचा पुरेसा साठा व्हायला स्प्रूसला तीस ते पन्नास वर्षं लागतात. त्याआधीच आग परत आली तर शंकूच नाहीत. मग तिथे अॅस्पेन, बर्च ही पानगळीची झाडं येतात, किंवा झाडं येतच नाहीत.

एका ठिकाणी वाऱ्यानं बर्फ उडून जमीन उघडी पडली होती. वाटाड्यांनी बोटानं दाखवलं: मुळं हवेत लोंबत होती. पूर्वी जमीन तिथपर्यंत होती. शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या पानांचा तो थर शतकानुशतकं साठलेला असतो, प्रत्येक आगीत वरचा भाग जळतो आणि खालचा वाचतो. तो वाचलेला कार्बन म्हणजे या जंगलाची ठेव. २०१४ च्या जळितानंतर याच प्रदेशात झालेल्या अभ्यासात, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, असं आढळलं की जुन्या जंगलात ही ठेव वाचली, पण आधीच्या आगीला साठ वर्षंही झाली नव्हती अशा तरुण जंगलांपैकी जवळजवळ निम्म्या ठिकाणी ती जळाली. दोन आगींमध्ये पुरेसा वेळ मिळाला नाही की जंगल कार्बन साठवण्याऐवजी सोडायला लागतं. कधी कधी आग या थरात बर्फाखाली हिवाळाभर धुमसत राहते आणि वसंतात पुन्हा वर येते. २०१४ च्या काही आगी २०१५ मध्ये अशाच उठल्या.

वाटाड्यांना कॅरिबूची, म्हणजे इथल्या रानटी रेनडिअरची, काळजी. हिवाळ्यात कॅरिबू जंगलात येऊन जमिनीवरचं लायकेन खातात. आपल्या गोडा मसाल्यातलं दगडफूलही लायकेनच, त्यामुळे ते किती सावकाश वाढतं हे मला समजावून सांगावं लागलं नाही. जळलेल्या जागी कॅरिबूला पोटभर मिळेल इतकं लायकेन परत यायला अनेक दशकं जातात. इथल्या बाथर्स्ट नावाच्या कळपात १९८६ मध्ये सुमारे ४,७०,००० कॅरिबू होते, २०१८ मध्ये ८,२०० उरले. आग हे त्याचं एकमेव कारण नाही, पण उरलेल्यांना जागा कमी करणारं ते एक कारण नक्की आहे. "माझ्या नातवानं अजून कॅरिबूची शिकार पाहिलेली नाही," ते म्हणाले.

आगीनंतर चांगलंही काही येतं. २०१५ च्या उन्हाळ्यात इथल्या जळितात गुच्छी नावाच्या आळंब्या इतक्या उगवल्या की त्या गोळा करायला दुरून माणसं आली. हे सांगताना मात्र वाटाडे हसले.

शनिवार : दुसरं तळं

पूर्वेला, इंग्रॅहम ट्रेलवर. २०२३ च्या आगीपासून लांब असलेलं तळं, तुलनेसाठी. उणे १५, ऊन, काम सरळ झालं. लिहिण्यासारखं विशेष नाही. संध्याकाळी सगळ्या पेट्या बांधून विमानतळावर मालवाहतुकीत दिल्या. ताईंनी डब्यात शेंगदाण्याचे लाडू दिले होते, ते परतीच्या विमानात संपले.

जून : प्रयोगशाळा

गाळ चार अंश तापमानात ठेवला आहे. एक नळी लांबीत चिरून अर्धी जपून ठेवली, उरलेल्या अर्ध्यातून सलग काप. प्रत्येक कापातला एक घन सेंटिमीटर गाळ ब्लीचच्या पाण्यात भिजवायचा, बाकीचं सेंद्रिय फिकं पडतं आणि कोळसा काळाच राहतो. चाळायचं, मोजायचं. काळे, चकचकीत, कोनदार तुकडे. काहींवर लाकडाच्या पेशींची जाळी अजून दिसते.

तारखांसाठी गाळातून झाडांच्या सुया आणि बिया निवडून रेडिओकार्बन पद्धतीनं वय काढायला पाठवल्या. नुसता गाळ पाठवत नाहीत, कारण पाण्यातल्या जुन्या कार्बनमुळे त्याचं वय फसवं येऊ शकतं. अलास्कातल्या माउंट चर्चिलची राख, इ.स. ८५३ च्या सुमाराची, इथवर आली असेल तर तीही शोधतो आहोत. तिचे काचेचे सूक्ष्म कण ग्रीनलंडच्या बर्फात आणि युरोपातल्या दलदलींतही मिळाले आहेत. एक कण जरी सापडला तरी त्या थराचं वर्ष पक्कं होईल.

पहिल्या तळ्याच्या सगळ्यात वरच्या कापात कोळसा भरपूर आहे. त्याखाली शांत थर, मग पुन्हा उंचवटा, पुन्हा शांत. आगी येत राहिल्या, जंगलाला मधे वेळ मिळत राहिला, एवढं आत्ताच दिसतं. वर्षं लावायची बाकी आहेत.

गेल्या आठवड्यात परवान्याच्या अहवालाबरोबर वाटाड्यांना फोन केला. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर अजून अर्धंच देता येतं, ते स्पष्ट सांगितलं. या तळ्यात गाळ फार हळू साठतो. अर्ध्या सेंटिमीटरच्या कापात वीसेक वर्षं मावतात. शंभर वर्षांच्या अंतरानं आलेल्या दोन आगी वेगळ्या दिसतील. पंधरा वर्षांच्या अंतरानं आल्या असतील तर दोन्हींचा मिळून एकच उंचवटा दिसेल, आणि त्यांना नेमकी तीच जवळची आग हवी आहे. गाळ लवकर साठणारं, वर्षावर्षाचे थर राहिले असतील असं तळं लागेल. खोल, वारा न लागणारं, तळाशी प्राणवायू नसलेलं.

त्यांनी थोडा विचार करून बेचोको या गावाच्या वाटेवरचं एक तळं सांगितलं. कड्याच्या आडोशाला आहे आणि त्याच्या तळाचा चिखल उपसला तर सडक्या अंड्यांचा वास येतो. प्राणवायू नसलेल्या तळाचं हेच लक्षण. बाईंनी पुढच्या मार्चसाठी परवान्याचा अर्ज कालच भरला.